स्वस्त रोल कोणता? एका कोऱ्या निगेटिव्हची गोष्ट

मराठी विभागासाठी लेख दे, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी हसलेच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी बोलायचं ते फक्त आजीशी आणि रिक्षावाल्यांशी. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र लगेच सुचला, कारण गेल्या वर्षभरात माझ्या पॉकेटमनीतला निम्मा भाग त्यातच गेलाय. ब्लॅक अँड व्हाइट फोटोचे रोल!

सुरुवात मामाच्या कॅमेऱ्यापासून. पेंटॅक्स के-१०००, त्याने मस्कतला नोकरीला असताना घेतलेला. सगळा कारभार मेकॅनिकल, बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या सुईला. कित्येक वर्षं कपाटात पडून होता. "बिघडला तर बिघडू दे, पण वापर," म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला.

दिवाळीला आम्ही आजीकडे जातो, संगमेश्वरजवळ. तिचं चुलीचं स्वयंपाकघर पाडून तिथे स्लॅबचं बांधकाम करायचं ठरलं होतं. म्हटलं, पाडायच्या आधी फोटो काढूया. त्यातल्या त्यात स्वस्त दिसला तो रोल मागवला, फोमापॅन १००. छत्तीस फोटो. चुलीपुढे बसलेली आजी, धुराने काळे झालेले वासे, मांडणीवरची पितळी भांडी, कोपऱ्यातलं जातं. परत आल्यावर शहरातल्या एका कलर लॅबमध्ये रोल धुवायला टाकला. दोन दिवसांनी हातात आली ती एक लांबलचक, स्वच्छ, पारदर्शक पट्टी. काचेसारखी. "मॅडम, तुमचा रोल कॅमेऱ्यात फिरलाच नाही." पैसे मात्र पूर्ण घेतले.

मी ते खरं मानलं. स्वतःला शिव्या घातल्या. तोपर्यंत चूल पाडून झाली होती.

नंतर कधीतरी ती पट्टी मी आपल्या फिजिक्स लॅबमधल्या काकांना दाखवली. त्यांनी एके काळी डार्करूममध्ये पुष्कळ रोल आणि प्लेटा धुतल्या आहेत. त्यांनी ती खिडकीसमोर धरली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पोरी, कडेचे आकडे कुठे गेले?"

मित्रांनो, हा प्रश्न लक्षात ठेवा. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि १, २, ३ असे आकडे असतात. ते कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात आणि रोल धुतला की दिसायला लागतात. रोल कॅमेऱ्यात फिरला नसता, तर फोटो आले नसते, पण आकडे आले असते! आकडेही नाहीत, याचा अर्थ गडबड कॅमेऱ्यात नाही, धुण्यात झाली.

झालं होतं असं. रंगीत फिल्मसाठी जी प्रक्रिया असते तिला सी-४१ म्हणतात. तिच्यात आधी चांदीचं चित्र तयार होतं आणि त्याच वेळी रंगद्रव्याचंही. मग ब्लीच आणि फिक्सर ती चांदी पूर्ण काढून टाकतात, मागे उरतो तो रंग. साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये रंग तयार करणारे घटकच नसतात. तिचं चित्र म्हणजे फक्त चांदी. ती चांदी काढून टाकली की उरतो कोरा प्लास्टिकचा तुकडा. माझी आजी, चूल, जातं, सगळं त्या लॅबच्या फिक्सरमध्ये विरघळून गेलं होतं.

आता हिशेब. रोल ७०० रुपयांना पडला आणि धुणं-स्कॅनिंगचे ४०० झाले असं धरू. एकूण ११००, भागिले ३६, म्हणजे एका फोटोला साधारण ३० रुपये. आपण रोल निवडताना फक्त ७०० कडे बघतो. पण छेदात ३६ नसतो, छेदात असतात नीट आलेले फोटो. अठरा आले तर एक फोटो ६० ला पडला. माझ्या बाबतीत छेदात शून्य होतं. शून्याने भागलं की काय होतं ते एम-वनला केटी लागलेल्यांनाही ठाऊक आहे.

त्यामुळे पहिली चौकशी रोलच्या किमतीची नाही, तो कोण आणि कशात धुणार याची करा. जवळपास फक्त कलर लॅबच असेल तर इलफर्डचा एक्सपी२ सुपर घ्या. ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म मुद्दाम सी-४१ साठीच बनवलेली आहे. फोमापॅनपेक्षा महाग आहे खरी, पण छेद शाबूत राहतो.

साधी फिल्म घ्यायची तर पुढचा प्रश्न १०० की ४००? मी इथेही चुकले होते. आजीचं स्वयंपाकघर म्हणजे एक कौलाची काच आणि एक दार, एवढाच उजेड. फोमापॅन १०० वर माझी लेन्स पूर्ण उघडी ठेवूनही मीटर एक-अष्टमांश सेकंद मागत होतं. एवढ्या वेळात हात हलतोच. म्हणजे रोल नीट धुतला असता तरी निम्मे फोटो हललेले आले असते. (हे काकांना सांगितलं नाही.) ४०० ची फिल्म असती तर तिथेच १/३० मिळाला असता. उलट एप्रिलच्या उन्हात ४०० त्रास देते. भर उन्हात एफ-१६ ला शटर साधारण एक भागिले आयएसओ, हा जुना ठोकताळा आहे. माझ्या कॅमेऱ्याचं शटर १/१००० च्या पुढे जात नाही, त्यामुळे ४०० वर एफ-११ च्या खाली येताच येत नाही आणि मागची कपडे वाळत घातलेली गॅलरी धूसर करता येत नाही. तरीही एकच रोल घ्यायचा असेल तर माझं मत ४०० ला. आपलं आयुष्य खोली, मेस, लॅब आणि वर्कशॉप याच्यातच जातं, तिथे ऊन कुठलं?

४०० मध्ये स्वस्त म्हणजे दोन नावं, फोमापॅन आणि केंटमियर. फोमा ही चेक प्रजासत्ताकातली, १९२१ पासूनची कंपनी. केंटमियर इंग्लंडमध्ये बनते, इलफर्डच्या फिल्म बनवणाऱ्या हारमन कंपनीच्याच कारखान्यात. फोमापॅन ४०० वर लिहिलंय ४००, पण नेहमीच्या डेव्हलपरमध्ये तिची खरी संवेदनशीलता कमी भरते. कॅमेऱ्याची डायल २५० ला ठेवली तर सावलीतले तपशील येतात, ४०० ला ठेवली तर सावल्या कोळसा होतात. केंटमियर ४०० ला मात्र मी सरळ ४०० ठेवते आणि काम होतं. म्हणजे त्याच पैशांत थोडा जास्त वेग. म्हणून माझी निवड केंटमियर. तिचाही एक दोष आहे. फिल्ममध्ये शिरलेला प्रखर उजेड मागून परत उसळू नये म्हणून एक थर असतो, तो हिच्यात कमी पडतो. दिव्यांभोवती वलय येतं. गणपतीच्या रोषणाईत ते छान दिसतं, मेसच्या ट्यूबलाइटमध्ये नाही.

मग इलफर्डची एचपी५ प्लस महाग कशाला घ्यायची? तिच्या दोन रोलच्या पैशांत केंटमियरचे साधारण तीन येतात. पण गॅदरिंगच्या रात्री स्टेजवर नाच चाललाय, आयएसओ १६०० वर फोटो काढून रोल जास्त वेळ धुवायचाय, तर एचपी५ च घ्या. केंटमियरही ओढाताण सोसते, पण लवकर दमते. रात्री ट्रायपॉड लावून काढायचं असेल तरीही फरक पडतो. उजेड फार कमी असला की फिल्म आळशी होते, मोजलेला वेळ तिला पुरत नाही. एचपी५ साठी सूत्र आहे, मोजलेल्या सेकंदांचा १.३१ घात. दहा सेकंदांचे साधारण वीस होतात. फोमापॅन १०० ला कंपनी स्वतःच दहा सेकंदांला आठ पट सांगते, म्हणजे ऐंशी सेकंद! तेवढ्यात वॉचमन काका टॉर्च घेऊन फ्रेममध्ये येऊन जातात. स्वानुभव.

कोणी म्हणेल, शंभर फुटी मोठं रीळ घेऊन स्वतः भरू. करा, पण गणित करून. एका फोटोला आठ भोकं, प्रत्येकी ४.७५ मिमी, म्हणजे ३८ मिमी. छत्तिसांचे १३६८ मिमी, पुढेमागे वाया जाणारं धरून १.६ मीटर. ३०.५ मीटरमध्ये कागदावर १९ रोल बसतात, हाताने भरताना १८ समजा. चौघांनी वर्गणी काढली तर परवडतं. एकट्याने घेतलं तर पैसे अडकतात. जुन्या दुकानांत धूळ खात पडलेले, तारीख उलटलेले रोल मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. आपल्या उन्हाळ्यात आणि दमट हवेत त्यांच्यावर धुकं चढलेलं असतं.

काका म्हणतात, त्यांच्या वेळी 'इंदू' नावाची देशी फिल्म मिळायची. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची. तो बंद पडला. आता आपला प्रत्येक रोल बाहेरून येतो, वाहतूक आणि कर अंगावर घेऊन. म्हणून परदेशातून कुणी नातेवाईक येत असेल तर सांगून ठेवा. रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि विमानतळावर हाताने तपासायची विनंती करा, मोठ्या बॅगेच्या स्कॅनरमध्ये फिल्म खराब होते.

खरी बचत धुण्यात आहे. डी-७६ हा डेव्हलपर कोडॅकने १९२७ मध्ये आणला आणि त्याचं सूत्र उघड आहे. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. मेटॉल आधी घाला, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात ते विरघळत नाही. ग्लोव्ह्ज घाला, काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. लिटरभरात चार रोल होतात. तापमान २० अंश हवं आणि आपल्या नळाला मे महिन्यात तीस येतं, म्हणून बादलीत बर्फ. (मेसच्या मावशींनी बर्फ दिला, त्यांचे आभार.) गरम पाण्यात वेळ कमी करून भागत नाही, पाच मिनिटांच्या आत आलं की रोल डागाळतो. वापरलेला फिक्सर बेसिनमध्ये ओतू नका, त्यात चांदी असते. आमचा कॅन काका केमिस्ट्री लॅबमध्ये नेऊन देतात.

शिमग्याला परत आजीकडे गेले, या वेळी केंटमियर ४०० घेऊन. नवं स्वयंपाकघर, टाइल्स, गॅसची शेगडी. जातं अंगणात, त्यावर तुळशीची कुंडी. चौतीस फोटो नीट आले, दोन हलले. कडेचे आकडे स्वच्छ, मी आधी तेच बघितले. प्रिंट आजीच्या हातात दिले. तिने चष्मा लावून एकेक नीट पाहिला, आणि म्हणाली, "छान आलेत. पण कलरचा रोल नाय मिळाला काय गो?"