पाडव्याचा संकल्प

चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे गुढीपाडवा. आपल्या वर्षाचा पहिला दिवस. या दिवशी दारी गुढी उभी राहते. कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर खातात. डोंबिवलीत १९९९ सालापासून पाडव्याच्या सकाळी मोठी शोभायात्रा निघते. पुढे ठाण्यात, कल्याणात आणि इतर अनेक गावांतही ती निघू लागली. माणसे नवे कपडे घालून रस्त्यावर येतात, एकमेकांना भेटतात आणि मनाशी काहीतरी धरतात.

कोणी म्हणतो, तंबाखू सोडीन. कोणी म्हणते, चार पैसे बाजूला टाकीन. पण ज्या घरी आई-बाप दोघेही कामाला जातात, तिथे संकल्प बहुधा एकच असतो : "यंदा पोरांकडे लक्ष द्यायचं."

संकल्प चांगला आहे. पण अक्षय्य तृतीया येईपर्यंत तो विरून जातो. असे का होते? माणूस खोटा असतो म्हणून नव्हे. मुलांवर माया नसते म्हणूनही नव्हे. लक्ष द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठून काढायचा हे त्या संकल्पात नसते. पैशाचा हिशेब आपण ठेवतो. वेळेचा ठेवत नाही. या पाठात आपण वेळेचा हिशेब मांडू.

दिवसाचे चोवीस तास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी, १८५४ साली, गाडी कल्याणला पोचली. घर इकडे आणि पोट तिकडे, हे त्या रुळांमुळे शक्य झाले. डोंबिवलीपासून मुंबईचे शेवटचे स्टेशन ४८ किलोमीटर दूर आहे. जलद लोकलनेही तासाहून जास्त वेळ लागतो. घरापासून स्टेशन आणि स्टेशनापासून कामाची जागा, ही चाल वेगळीच.

आता पाटीवर एक हिशेब लिहू. बाप मुंबईत दुकानात कामाला आहे. झोप सात तास. काम नऊ तास. जाणे-येणे साडेतीन तास. एकूण साडेएकोणीस तास. उरले साडेचार तास.

आई डोंबिवलीतच कारखान्यात जाते. झोप साडेसहा तास. काम नऊ तास. जाणे-येणे एक तास. स्वयंपाक, पाणी, धुणे, भांडी, झाडलोट, बाजार मिळून सहा तास. एकूण साडेबावीस तास. उरला दीड तास. त्यातच तिची आंघोळ, तिचे जेवण आणि मुलांची विचारपूस.

लांबून दमून येतो तो बाप. पण हाती वेळ जास्त कोणाच्या उरला? पाटीकडे पाहा, म्हणजे कळेल.

ही गोष्ट एका घराची नाही. सरकारने २०२४ साली देशभर घरोघर विचारून लोकांच्या वेळेची मोजणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, असे दिसले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा जातो ८८ मिनिटे. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आणि पुरुषाचा दीड तास.

कमी पडलेला वेळ कोण भरून काढते?

आईचा वेळ संपला तरी घरातले काम संपत नाही. मग ते कोण करते? बहुतेक घरी थोरली मुलगी करते. ती पाणी भरते. धाकट्याला सांभाळते. एक दिवस शाळा बुडते, मग आठवडा बुडतो, मग नावच कमी होते. कोणी तिला मुद्दाम काढलेले नसते. घराचा हिशेब जुळत नव्हता, तो तिच्या शाळेने जुळवला जातो.

आमच्या रात्रीच्या वर्गात कल्याणच्या एक बाई येत. चार घरची धुणीभांडी करून त्या संसार चालवीत. नवरा रात्रपाळीचा वॉचमन. मुलगी पाचवीत. मुलगा साडेतीन वर्षांचा. बाई आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, पोरीला घरी बसवावी म्हणते. बारक्याला बघणारं कोणी नाही. मी इथं लिहायला शिकते आणि पोरगी शाळा सोडते, बरं नाही वाटत. पण करू काय?"

आम्ही त्यांना उपदेश केला नाही. त्यांच्याच वहीत घरातल्या चौघांचा दिवस लिहायला सांगितले. कोण किती वाजता निघते, किती वाजता येते, एवढेच. बाई सातला निघत, एकला येत. मुलीची शाळा सात ते बारा. नवरा साडेआठला येई आणि आल्या आल्या झोपे. अंगणवाडी दहाला उघडे.

लिहून झाल्यावर बाई स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे सात ते साडेआठ एवढंच कोणी नाही की हो!"

प्रश्न दीड तासाचा होता. त्या दीड तासापायी मुलीचे सारे शिक्षण जाणार होते. पुढे त्यांनी शेजारच्या मावशींशी बोलून ठेवले. मावशी तेवढा वेळ मुलाला बघत. त्या बदल्यात बाई त्यांचे रेशन आणून देत. नवरा दहाला मुलाला अंगणवाडीत सोडून मग झोपू लागला. चार दिवस कुरकुरला, पण सोडू लागला. शाळेतून येताना मुलगी भावाला घेऊन येई. मुलगी शाळेत राहिली.

हाच प्रश्न फार पूर्वी दोन थोर शिक्षिकांना पडला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. मोठी मुले शाळेत येत नसत, कारण घरी धाकटी भावंडे सांभाळायची असत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच जागी आणली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरले वर्गात. भावंड सांभाळले गेले आणि शाळाही झाली. या रचनेला त्यांनी 'विकासवाडी' नाव दिले. अंगणवाडीची कल्पनाही त्यांच्याच कामातून पुढे आली.

रविवार फुकट मिळालेला नाही

आठवड्याची सुट्टी पूर्वीपासून आहे, असे आपल्याला वाटते. तसे नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगारांना ठरलेली साप्ताहिक सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार वेळेवर द्या, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. एप्रिल १८९० मध्ये मोठी सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषण केले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

ती सुट्टी बायकांनीही मागितली होती. आज आपल्या घरी रविवार कसा जातो? पुरुष उशिरा उठतात. बायका आठवड्याचे धुणे काढतात, धान्य निवडतात, दोन पदार्थ जास्त करतात. रविवार घरात येतो, पण आईपर्यंत पोचत नाही. निम्मा रविवार तरी तिला मिळायला हवा.

संकल्प कसा करावा?

वर्षभर टिकेल असा संकल्प करायचा असेल, तर चार गोष्टी सांभाळाव्या.

पहिली गोष्ट : आधी लिहा. घरातल्या प्रत्येकाचा दिवस कागदावर मांडा. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

दुसरी गोष्ट : लहान ठरवा आणि वेळ नेमा. "मुलांकडे लक्ष देईन" असे म्हणू नका. "रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे मुलाने धडा वाचायचा आणि मी ऐकायचा" असे म्हणा. आपल्याला सगळे वाचता येत नसेल तरी ऐकता येते. तेवढा वेळ मोबाइल फळीवर ठेवा. थेंबे थेंबे तळे साचे.

तिसरी गोष्ट : काम कोणाचे ते नाव घालून लिहा. पाणी बापाने भरायचे. अंथरुणे मुलांनी काढायची, मुलगा असो की मुलगी. भाजी निवडायला सर्वांनी बसायचे. लोकलच्या डब्यात बायका भाजी निवडताना आपण पाहतो. घरी चार हात रिकामे असताना ती पाळी का यावी?

चौथी गोष्ट : एकटीने संकल्प करू नका. आईने एकटीने केलेला संकल्प म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा. सर्वांनी बसून करा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुन्हा बसा. मोडला असेल तर भांडू नका, वेळ बदला.

काही गोष्टी घरातल्या घरात सुटत नाहीत, हेही खरे. पगार कमी असला की ओव्हरटाइम सुटत नाही. लोकलची गर्दी आपल्या संकल्पाने कमी होत नाही. अशा गोष्टी लोखंड्यांच्या कामगारांनी मागितल्या तशा चारचौघांनी मिळून मागाव्या लागतात. २०१७ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मोकळीक मिळाली. आपल्या कारखान्यात ती सोय आहे का, हे विचारायला लाजू नये.

आणि एक सांगतो. घरी लवकर पोचण्याच्या घाईत रूळ ओलांडू नका, दाराला लटकू नका. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून माणसे पडली आणि काहींचा जीव गेला. गर्दी हा त्यांचा दोष नव्हता. पण आपल्या हाती आहे तेवढे आपण जपावे. पुढची गाडी धरली तर दहा मिनिटे उशीर होईल. मुले तेवढी वाट पाहतील.

अभ्यास

१. आपल्या घरातील प्रत्येकाचा दिवस वहीत लिहा. कोणाकडे किती वेळ उरतो?

२. रविवारची सुट्टी कधी आणि कशी मिळाली?

३. कोसबाडला पाळणाघर आणि शाळा एका जागी का आणली?

४. घरातले कोणते एक काम आजपासून दुसऱ्या कोणाला देता येईल? त्याचे नाव आणि वेळ लिहा. तो कागद घरात सर्वांना दिसेल असा लावा.