उंचीचा हिशेब

बाळ,

पाच फूट सात इंच उंचीत रोइंग जमेल का, असं तू विचारलंस. उंचीचा फायदा असतो, हे आधी मान्य कर. लांब हातापायांमुळे सरकत्या सीटवरून वल्हं दूरवर पाण्यात पडतं आणि त्याचा पल्ला लांबतो. मोठ्या देहात हृदय आणि फुफ्फुसंही मोठी. वजन वाढतं खरं, पण तो भार बोट पेलते. पाण्याचा विरोध वजनाइतक्या प्रमाणात वाढत नाही.

आता हा फायदा किती, तेही बघ. क्रोएशियाच्या सिन्कोविच बंधूंनी २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमला खुल्या गटात डबल स्कल्सचे, म्हणजे दोघांच्या बोटीचे, २,००० मीटर ५:५९.७२ मध्ये पार केले. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत आयर्लंडच्या ओडोनोवन-मॅकार्थी जोडीने त्याच शर्यतीच्या लाइटवेट गटात ६:०५.३३ वेळ दिली. या गटात ७२.५ किलोच्या वर कुणालाच उतरता येत नाही, त्यामुळे धिप्पाड देह तिथे नसतातच. फरक सहा सेकंदांहून कमी, जेमतेम दीड टक्का. वारा आणि पाणी दोन्हीकडे सारखं नव्हतं, असं तू म्हणशील. बरोबर आहे, म्हणून आकडा ढोबळच धर. लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, तेव्हा दीड टक्का वेगासाठी पाचेक टक्के जास्त ताकद हवी. हे थोडं नाही. पण वल्हं उशिरा बुडवण्यात आणि सीट घाईने पुढे आणून बोट अडवण्यात नवखा खेळाडू तेवढी ताकद सहज घालवतो, असं माझं मत आहे.

पॅरिस २०२४ नंतर लाइटवेट ऑलिंपिकमधून गेलं, हा आक्षेप मात्र जड आहे. पदक एवढंच ध्येय असेल, तर तुझी वाट अरुंद झाली. ते मी लपवणार नाही. पण कॉलेज आणि राज्य पातळीवर तुझा निकाल उंचीआधी तुझ्या तंत्रावर ठरेल.

उंच मुलांची नक्कल करत पाठ वाकवून पुढे झेपावू नकोस. पायांचा जोर जातो आणि कंबर धरते. घोटे आणि मांड्यांच्या मागचे स्नायू मोकळे कर. फूटस्ट्रेचर (पाय टेकवायची पाटी) आणि रिगर (वल्हं धरणारी चौकट) तुझ्या मापाने लावून घे. वल्ह्याचा आतला भाग थोडा आखूड केला, तर त्याच हातांनी कोन मोठा मिळतो. मात्र ओढायला जड जातं, म्हणून माप कोचलाच ठरवू दे. अर्गोमीटर, म्हणजे जमिनीवरचं रोइंगचं यंत्र, जड माणसाला झुकतं माप देतं, तेव्हा पुढच्या पत्रात त्याच्या आकड्याशेजारी एकेरी बोटीतली वेळही लिही.

तुझा,
काका