विजेचें घासणयंत्र व जुना पाळणा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं नव्या बाळासाठीं जुना पाळणा माळ्यावरून खालीं काढण्यांत आला. त्यावरील हिरवा रंग जागोजागीं उडाला होता. बाजारांत ज्यास सँडर म्हणतात, तें विजेचें घासणयंत्र दादानें नुकतेंच विकत आणिलें होतें. त्यानें तासाभरांत सर्व रंग काढून टाकावा, असा आमचा बेत ठरला. इतक्यांत शेजारचे सुतारकाका आले व त्यांनीं विचारिलें, “रंग किती वर्षांचा रे पोरांनो?” आजी म्हणाली, “ह्यांच्या बापाच्या बारशाला दिलेला.” काकांनीं तत्काळ प्लग काढविला.

कारण असें. जुन्या रंगांत पुष्कळदां शिसें मिसळलेलें असे. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें, हा निर्बंध भारतांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाची खात्री देतां येत नाहीं. यंत्रानें असा रंग घासल्यास त्याची अत्यंत बारीक धूळ होते. ती जमिनीवर बसते व रांगणाऱ्या मुलाच्या हातावाटे त्याच्या पोटांत जाते. शिसें बालकांच्या मेंदूस अपाय करितें, आणि ती हानि भरून येत नाहीं. म्हणून जुना रंग घरीं यंत्रानें घासूं नये, हा पहिला धडा.

कोऱ्या लांकडाची धूळही निरुपद्रवी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ती १९९५ सालीं मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणारी ठरविली. यास्तव काम उघड्या अंगणांत करावें, यंत्रास धूळपिशवी जोडावी, आणि नाकातोंडावर एन-९५ मास्क घट्ट बसवावा. साध्या रुमालानें बारीक धूळ अडत नाहीं. डोळ्यांस बंदिस्त चष्मा व कानांत बोळे असावे. सैल बाह्या आवराव्या, केस बांधावे.

आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्टची असते. तेव्हां ओल्या हातानें किंवा ओल्या फरशीवर यंत्र चालवूं नये, व तार सोललेली नाहीं हें आधीं पाहावें. पॉलिश-पेपर बदलतांना बटण बंद करणें पुरेसें नाहीं, प्लगच काढावा. लांकडांत खिळा राहिल्यास ठिणगी उडते, म्हणून तो अगोदर उपटावा. लांकूड घट्ट बांधून ८०, १२०, १८० अशा चढत्या क्रमानें पेपर लावावे. जोर देऊं नये. यंत्राचें वजनच पुरे होतें, आणि दाबल्यास पृष्ठभागावर वर्तुळाकार ओरखडे उठतात. शेवटीं धूळ झाडूनें न उडवितां ओल्या फडक्यानें पुसावी.

पाळणा माळ्यावर परत गेला. बाळ आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळींत सुखानें निजलें. यंत्र चालविण्यास आम्ही मागाहून एका कोऱ्या सागवानी फळीवर शिकलों. काका मात्र शेजारीं उभे होते.