भांडी आपटून राग उतरत नाही

तळपायाची आग मस्तकात गेली की ती बाहेर काढावी, म्हणजे माणूस मोकळा होतो, असं आपण धरून चालतो. पुरावा उलट आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवलेल्या काही विद्यार्थ्यांना त्या चिडवणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना नुसतं दोन मिनिटं बसवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले राहिले. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही संथ श्वसन, शिथिलीकरण, ध्यान यांनी राग कमी झाला. धावण्याने तर थोडा वाढलाच. रागात अ‍ॅड्रेनलिनमुळे छाती धडधडते, स्नायू ताठतात. आदळआपट ही धडधड आणखी वाढवते, आणि मेंदू तिलाच राग समजतो.

‘पण त्या क्षणी बरं वाटतं ना!’ वाटतं, आणि खोड तिथेच जडते. पुढच्या वेळी हात आपोआप भांड्याकडे जातो. मग राग गिळायचा का? नाही. गिळलेला राग आत धुमसतो. आधी शरीर शांत करायचं, तक्रार नंतर मांडायची. ‘पंधरा मिनिटांनी बोलू’ एवढं सांगून खोलीबाहेर पडा, बसा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. त्या पंधरा मिनिटांत भांडण मनात पुन्हा घोळवलंत, तर मात्र बाहेर जाऊन काही उपयोग नाही.

‘मला आवरतच नाही’ हा आक्षेप मी अर्धाच मान्य करतो. साहेबांपुढे आवरणारा आणि बायको-मुलांवरच सुटणारा राग आवरता येतो, हे उघड आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी भडकण्याआधीचे काही तास तपासा: अपुरी झोप, उपाशी पोट, दारू. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक चिडचिड, घाम, थरथर झाली, तर वाद थांबवून आधी साखर मोजा. थायरॉइड संप्रेरकाचं प्रमाण वाढल्याने किंवा स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही माणूस भडकू लागतो, तेव्हा स्वभाव एकाएकी बदलला असेल तर डॉक्टरांना दाखवा. क्षुल्लक कारणावरून वारंवार मोडतोड किंवा मारहाण होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ हवेत. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि रागाच्या भरात छातीत दुखलं, तर ‘राग डोक्यात गेलाय’ म्हणत पाणी पीत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.