हत्यारांची पेटी : घरगुती अर्थशास्त्रातील एक प्रकरण

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने हत्यारांच्या पेटीवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु भांडवल, घसारा, वैकल्पिक खर्च हे अर्थशास्त्राच्या तासाला ऐकलेले शब्द मला खऱ्या अर्थाने उमगले, ते आमच्या पडवीतली हत्यारे पाहून. माझे वडील सुतारकाम करतात. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. रंधा, पटाश्या, करवत, वाकस, गिरमिट आणि गुण्या हेच आमचे स्थिर भांडवल. त्यावर घर चालते आणि माझी फीही भरली जाते. हे भांडवल ठेवायचे कशात, हा प्रश्न म्हणूनच आम्हांला किरकोळ वाटत नाही.

पुष्कळ कारागीर हत्यारे गोणपाटात गुंडाळून ठेवतात. गोणपाट ओल धरून ठेवते. लोखंड गंजण्यासाठी प्राणवायू आणि पाणी ही दोन्ही लागतात, व पावसाळ्यात ओल्या गोणपाटात दोन्हींची सोय आपोआप होते. शिवाय पटाशीची धार कानशीवर घासली की ती बोथट होते आणि सकाळचा पहिला तास पाजवण्यातच जातो. कामावर पोट असलेल्या माणसाला तो तास परवडत नाही. पुस्तकातला घसारा तो हाच. घरात लहान मुले असतील, तर कुलपाची गरज वेगळी सांगायला नको.

पेटीची कल्पना फार जुनी आहे. १९३६ साली स्वीडनच्या गॉटलंड बेटावर जमीन नांगरताना ओक लाकडाची एक पेटी सापडली. ती व्हायकिंग काळातली, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीची. तिची लांबी सुमारे ९० सेंटिमीटर, आणि तिच्यात व आसपास मिळून सुतारकामाच्या व लोहारकामाच्या हत्यारांसह २०० च्या आसपास वस्तू मिळाल्या. लांबट खोके, वर झाकण आणि त्याला कुलूप, हा तिचा आराखडा आजही कोणत्याही सुताराला ओळखीचा वाटेल.

पेटी घेण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात. पहिली, सर्वांत लांब हत्यार कोणते? ६०० मिलिमीटर पात्याची करवत असेल, तर मूठ धरून पेटी त्याहून बरीच लांब हवी. नाहीतर करवत बाहेरच राहते. दुसरी, एकूण वजन किती? किराणा दुकानातल्या काट्यावरही ते कळते. तिसरी, पेटी घरीच राहणार की गिऱ्हाइकाकडे न्यायची?

वजनाचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलो भरतो. ५० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद व उंच अशा पेटीला ०.६२५ चौरस मीटर पत्रा लागतो. २० गेजचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर जाड असतो. त्याची रिकामी पेटी साडेचार किलोच्या आसपास होते. २२ गेजचा पत्रा ०.७ मिलिमीटरचा, त्यात ती साडेतीन किलोची होते. येथे नवख्याने एक ध्यानात ठेवावे : गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. हे माहीत नसले की मोठा आकडा ऐकून मनुष्य खूश होतो आणि पातळ माल घरी आणतो.

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. प्लॅस्टिकची पेटी हलकी व न गंजणारी. पण तिची कडी व बिजागरी लवकर तुटते आणि उन्हात ठेवल्यास ती ठिसूळ होते. दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या खणांची पत्र्याची पेटी पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर यांना उत्तम. रंधा व करवत तिच्यात मावत नाहीत. चाकांचे, खणांचे पोलादी कपाट सोयीचे खरे, परंतु महाग. चौथी लाकडी पेटी. ती घरीही करता येते. लाकूड मात्र चांगले वाळलेले हवे, कारण ओल्या लाकडातला ओलावा आतल्या लोखंडाला बाधतो.

दुकानात रंगाकडे पाहून निर्णय घेऊ नये. पत्र्याच्या कडा आत मुडपलेल्या आहेत का, हे बोट जपून फिरवून पाहावे. झाकण उघडून दोन्ही बाजू दाबाव्यात; पेटी पिळवटली तर ती घेऊ नये. खण पूर्ण बाहेर ओढून त्यावर हाताने भार द्यावा. खणांच्या कपाटात जड हत्यारे खाली ठेवावीत आणि एका वेळी एकच खण उघडावा. वरचे भरलेले खण एकदम ओढल्यास कपाट पुढे कलंडते.

आता वैकल्पिक खर्च. पेटीवर जाणारा प्रत्येक रुपया हत्यारावर जायचा राहतो. पेटी स्वतः काही कमावत नाही. कमावणाऱ्या हत्याराचे आयुष्य तेवढे वाढवते. तेव्हा हत्यार वाचवण्यापुरता खर्च करावा, त्यापुढे हात आखडावा. आमच्या घरी हाच हिशेब मांडला. वडिलांनी कामावरून उरलेल्या सागवानी फळ्यांची पेटी स्वतः केली. पटाश्यांना वेगळ्या खाचा ठेवल्या, म्हणजे धारेला धार लागत नाही. विकत घेतले ते फक्त बिजागऱ्या, कडी-कोयंडा आणि कुलूप. वाचलेल्या पैशांत एक नवी करवत आली.

पेटी झाली तरी काळजी सुटत नाही. ती जमिनीवर न ठेवता दोन पट्ट्यांवर ठेवावी, हत्यारे पुसून यंत्राच्या तेलाचा हलका हात द्यावा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सगळे काढून पाहावे. आपल्या वर्गात कारागिरांच्या घरची मुले पुष्कळ आहेत. त्यांनी एका सुट्टीत आपल्या घरातली हत्यारे मोजून, वजन करून पाहावीत. वर्गात शिकलेल्या गणिताचा घरात उपयोग होतो हे आईवडिलांनाही दिसेल.