साखर जाते कुठे?

"डॉक्टर, गोड मी तोंडालाही लावत नाही, तरी साखर खाली का येत नाही?" हा प्रश्न दवाखान्यात मला रोज कोणीतरी विचारतेच. भाकरी, पोळी, भात, साबुदाणा यांची पचनानंतर ग्लुकोज ही साखरच होते, हे बहुतेकांना आता ठाऊक आहे. पण ती रक्तात आल्यावर पुढे जाते कुठे, याचा विचार फारसा कोणी करत नाही. आज तेवढेच समजून घेऊ.

या साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. प्रौढ पुरुषाच्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा स्नायूंचा असतो. स्त्रियांत थोडा कमी. स्नायू साखर जाळतात, आणि उरलेली ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवतात.

मात्र साखर स्नायूच्या पेशीत आपोआप शिरत नाही. तिला आत नेणारी 'ग्लूट-४' नावाची प्रथिने पेशीच्या आत राखीव असतात. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते. १९२१ साली टोरांटो येथे शोध लागलेले हेच ते संप्रेरक. त्याचा निरोप मिळाला, की काही मिनिटांत ही प्रथिने पेशीच्या पडद्यावर येतात आणि साखरेला वाट मिळते. मधुमेहाच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात इन्सुलिन असूनही स्नायू त्याचे पुरेसे ऐकत नाहीत. साखर रक्तातच फिरत राहते.

आता आनंदाची गोष्ट. या पेशीला दुसरी वाटही आहे. स्नायू आकुंचन पावला, की इन्सुलिनच्या निरोपाशिवायही ही प्रथिने पडद्यावर येतात. मधुमेह्यातसुद्धा ही वाट बहुधा शाबूत असते. जेवणानंतर चालल्यावर साखर उतरते ती यामुळेच.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. प्रत्येक पेशीच्या केंद्रात जनुके असतात. घरातल्या पाककृतींच्या वहीसारखी ती समजा. वही सगळ्या पेशींत तीच. कोणते पान उघडायचे ते संप्रेरके, अन्न आणि श्रम ठरवतात. उपास घडला, की इन्सुलिन उतरते आणि साठ्यातली चरबी सुटून रक्तात मेदाम्ले वाढतात. ती स्नायूच्या पेशीत शिरून चरबी जाळण्याची जनुके जागी करतात. त्याच वेळी साखर जाळण्याला लगाम घालणारे एक जनुकही जागे होते, म्हणजे मेंदूसाठी साखर शिल्लक राहते. थायरॉईडचे संप्रेरक तर थेट जनुकांपाशी जाऊन ऊर्जेचा वेग ठरवते. ते कमी पडले, की अंग जड होते, पायात गोळे येतात.

श्रमाने तर एक मुख्य कळच दाबली जाते. 'पीजीसी-१ अल्फा' हे तिचे नाव. १९९८ साली अमेरिकेतील बोस्टन येथील शास्त्रज्ञांनी ती शोधली. ही कळ दाबली गेली, की साखर आणि चरबी जाळणाऱ्या तंतुकणिका वाढू लागतात. व्यायामाने ग्लूट-४ चे जनुकही जोमाने कामाला लागते. परंतु ही प्रथिने टिकाऊ नाहीत. थोड्याच दिवसांत ती झिजतात आणि नवी करावी लागतात. म्हणून रविवारी एकदम दहा किलोमीटर चालून आठवडाभर बसून राहणाऱ्याला त्याचा पुरा लाभ मिळत नाही.

"मी तर बारीक आहे," असे म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्याकडे अंग बारीक असूनही स्नायू कमी आणि चरबी जास्त, असे फार आढळते. त्यात कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायलाही आता मोटारसायकल लागते.

तेव्हा एवढे करा :

१) आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चाला. लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा नको.

२) दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चाला.

३) आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर द्या. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा-बारा वेळा उठणे-बसणे, हाही व्यायामच आहे.

४) ताटात भात-पोळी थोडी कमी आणि वरण, उसळ, दही, अंडे यांपैकी काही जास्त घ्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

५) इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी दूर चालायला जाऊ नका. खिशात साखरेची पुडी ठेवा. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती लगेच खा.

६) चालताना छाती दुखली किंवा भरून आली, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

चालणे सुरू केले म्हणून गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. साखर उतरू लागली, तर डॉक्टरच मात्रा कमी करतील.