आधी गाठीचं पूर्ण नाव विचार

अगं, पोट दुखतं म्हणून सोनोग्राफीला गेलीस आणि कानावर काय आलं, तर स्वादुपिंडात गाठ आहे. तेव्हापासून तू रात्र रात्र मोबाइलवर ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर’ वाचत बसतेस, हे न सांगताही कळतं मला. ते वाचणं आजपासून बंद. तिथले जे काळजाचा थरकाप उडवणारे आकडे आहेत ना, ते बहुतेक अ‍ॅडेनोकार्सिनोमा नावाच्या एका आक्रमक कॅन्सरचे आहेत. स्वादुपिंडात त्याच्याखेरीज दुसऱ्याही गाठी होतात. क्वचित होतात, पण त्यांचा स्वभाव पार वेगळा असतो. तुझ्या गाठीचं पूर्ण नाव कळेपर्यंत त्यातला एकही आकडा तुझा नाही.

तुझ्या वयाच्या मुलींना होणारी एक गाठ आहे, सॉलिड स्यूडोपॅपिलरी निओप्लाझम. नाव लांबलचक आहे, डॉक्टर एसपीएन म्हणतात. 1959 मध्ये व्हर्जिनिया फ्रांट्झ या अमेरिकन डॉक्टर बाईंनी तिचं वर्णन पहिल्यांदा केलं, म्हणून फ्रांट्झ ट्यूमर असंही तिला म्हणतात. दहातले जवळजवळ नऊ रुग्ण म्हणजे बायकाच, आणि त्यातल्या बहुतेक विशी-तिशीच्या. ही गाठ सावकाश वाढते. कधी कधी चांगली मोसंबीएवढी होईपर्यंत पत्ताही लागू देत नाही. कॅन्सरच्याच घरातली ती, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण ऑपरेशनने पूर्ण निघाली, तर पाच वर्षांनंतर 100 पैकी 95 हून जास्त जणी आपापल्या संसारात, नोकरीत असतात. बहुतेकींना केमो लागतही नाही. आणि ती सहसा आईकडून मुलीकडे जात नाही, तेव्हा लग्नाच्या बाजारात काय सांगायचं या तुझ्या आईच्या काळजीला निम्मं उत्तर इथेच मिळालं.

दुसरी गाठ न्यूरोएंडोक्राइन. इरफान खानमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. स्टीव्ह जॉब्सला स्वादुपिंडात हीच होती. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये सापडली आणि ऑपरेशन झालं 2004 च्या जुलैमध्ये. मधले महिने तो पथ्यपाणी नि पर्यायी उपचार करत राहिला. पुढे त्याला त्याचा पस्तावा झाला, असं त्याच्या चरित्रकाराने सांगितलं आहे. जगातल्या वाट्टेल त्या डॉक्टरकडे जाऊ शकणारा माणूस तो! म्हणून तुला बजावते, चांगला सर्जन शोधायला दोन-तीन आठवडे गेले तर खुशाल जाऊ देत, डॉक्टरांना तसं विचारून घे; पण काढ्यांपायी महिने घालवायचे नाहीत. शेजारच्या काकू गुळवेलीचा रस घेऊन येतील, त्यांना प्रेमाने चहा पाज आणि रस बाजूला ठेव. 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय. ऑपरेशनच्या तोंडावर यकृताशी खेळ नको.

आता ऑपरेशनचं बोलू. स्वादुपिंड असतं जेमतेम वीतभर, जठराच्या मागे आडवं. गाठ त्याच्या कुठल्या भागात आहे यावर सगळं ठरतं. डाव्या टोकाला, शेपटीत असेल, तर तेवढा भाग काढतात, बऱ्याचदा दुर्बिणीतूनही. प्लीहा त्याला चिकटूनच असते. ती वाचते की काढावी लागते, हे आधी विचार. काढायची असेल तर न्यूमोकोकल, मेनिन्गोकोकल आणि हिब अशा लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात, आणि गडबडीत नेमकं तेच मागे पडतं. पुढे आयुष्यभर अंगात ताप भरला की घरगुती गोळी घेऊन पडून राहायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

गाठ उजवीकडे, डोक्याच्या भागात असली तर व्हिपल. खरं सांगू का, हे मोठं ऑपरेशन आहे, पाच-सहा तास सहज जातात. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची पहिली कमान, पित्ताशय, पित्तनळीचा तुकडा, कधी जठराचा थोडा भाग, हे सगळं निघतं आणि मग आतड्याला तीन ठिकाणी नवे जोड द्यावे लागतात. अवघड जोड स्वादुपिंडाचा. तुझ्यासारख्या तरण्या, निरोगी मुलीचं स्वादुपिंड ताज्या लोण्यासारखं मऊ असतं, टाके धरत नाही. तिथून पाझर सुरू झाला तर आतला पाचक रस आजूबाजूचं मांस जाळतो. म्हणून पोटात नळी ठेवतात आणि तिसऱ्या दिवशीच्या सुमारास त्यातल्या पाण्याचं अमायलेज तपासतात. नळी दोन आठवडे राहिली तरी हातपाय गाळू नकोस. हा त्रास सर्जनच्या ओळखीचा असतो आणि बहुतेकदा वाट पाहून, औषधांनी बरा होतो.

म्हणूनच सर्जनला तोंड उघडून विचारायचं, “डॉक्टर, अशी ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात?” लाजायचं नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही, आणि चिडला तर तेही एक उत्तरच समज. 1935 मध्ये अ‍ॅलन व्हिपलने न्यू यॉर्कमधून हे ऑपरेशन जगापुढे मांडलं, तेव्हा आणि नंतरही कित्येक वर्षं त्यात खूप माणसं दगावायची. आज जिथे अशी ऑपरेशनं नेहमी होतात तिथे ते प्रमाण शंभरात पाचाच्या आत आहे. जिथे वर्षाकाठी एखादं-दुसरं होतं तिथे ते जास्त असतं. घराजवळचं हॉस्पिटल, ओळखीतला डॉक्टर, डबा पोचवायची सोय, हे सगळं अपेंडिक्सला ठीक. इथे हात सराईत हवेत. परळच्या टाटा मेमोरियलला जाणं जमत नसेल तर ‘नव्या’ या सेवेवर रिपोर्ट चढवून तिथल्या तज्ज्ञांचं मत घरबसल्या मागता येतं. पैशाचं म्हणशील, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुझं ऑपरेशन बसतं का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचार. भरती झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते बरं.

यकृतावरही डाग दिसतोय म्हणालीस. आधी तो नक्की कसला, ते कळू दे. यकृतात रक्तवाहिन्यांची साधी गाठही असते, हिमँजिओमा. ती बहुतेकदा आयुष्यभर तशीच राहते, तिला कुणी हात लावत नाही. आणि समजा एसपीएनच तिथे पोचली असली, तरी दार बंद झालं असं नाही. अनेकींचे तेही डाग काढतात आणि त्या पुढे वर्षानुवर्षं चांगल्या राहतात. यकृत निरोगी असेल तर त्याचा साधारण 70 टक्के भाग काढला तरी उरलेलं वाढून काम पेलतं. उरणारा भाग फारच लहान दिसला तर काढायच्या बाजूची रक्तवाहिनी काही आठवडे आधी बंद करतात, म्हणजे दुसरी बाजू आधीच फुगून तयार होते.

तरुणांना यकृताचा एक दुर्मीळ कॅन्सर होतो, फायब्रोलॅमेलर. सिरॉसिस नाही, दारू नाही, तरी होतो, आणि त्यातही मुख्य उपाय ऑपरेशनच. अमेरिकेतल्या एलाना सायमनला तो बाराव्या वर्षी झाला. ऑपरेशनने बरी झाल्यावर त्या मुलीने शाळकरी वयातच वडिलांच्या प्रयोगशाळेत त्या गाठीचा अभ्यास सुरू केला, आणि 2014 मध्ये तिच्या त्या गाठीमागचा जनुकीय बिघाड सांगणारा निबंध ‘सायन्स’ या साप्ताहिकात आला. हे वाचलं ना, की मला तुझ्याबद्दल उगाच भीती वाटेनाशी होते.

हॉस्पिटलात पुढून बटणांची सैल मॅक्सी ने. तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं यंत्र देतात, ते आजपासूनच श्वास आत ओढून वापरायला शीक. नंतर दुखऱ्या पोटाने शिकणं जड जातं. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. दुसऱ्या दिवशी सिस्टर चालायला लावतील तेव्हा त्यांच्यावर रागवायचं नाही. रात्री सोबत कोण राहणार हे आत्ताच ठरव, आणि सगळ्या नातेवाइकांना खबर द्यायचं काम एकाच माणसाकडे दे, म्हणजे तुझ्या आईचा फोन दिवसभर वाजत राहणार नाही.

घरी आल्यावर वाढलेलं ताट बघूनच नको वाटेल. मऊ भात, मुगाचं वरण, धिरडं, दही, असं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं झालं तर लाजून गप्प बसू नकोस. पाचकरस कमी पडतोय त्याची ती खूण आहे. त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवून उठल्यावर नाहीत. साखर अधूनमधून तपासत राहा, स्वादुपिंडाचा भाग गेला की मधुमेह मागे लागू शकतो. आणि बरं वाटायला लागलं म्हणून स्कॅनच्या तारखा चुकवायच्या नाहीत. एसपीएन उलटली तर कित्येक वर्षांनीही उलटते.

एवढं सगळं एकदम करायचं नाहीये गं. उद्या फक्त एक काम कर. सीटी स्कॅनची सीडी घे, नुसती फिल्म नको. बायोप्सी झाली असेल तर लॅबमधून काचा आणि मेणाचे ब्लॉक मागून घे, पावती सांभाळून ठेव, आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला ते दाखवल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नकोस.